चेटकिणीचं पुस्तक कुणाकडे आहे?

लायब्ररीत बसणाऱ्या बाईला लोक काहीही सांगतात. डॉक्टरपासून लपवतील, नवऱ्यापासून लपवतील, पण पुस्तक परत करताना काउंटरवर कोपर टेकवून मन मोकळं करतील. मी राहते रोह्याला आणि पेणच्या एका जुन्या वाचनालयात काउंटर सांभाळते. रोज एसटीने येणं-जाणं. त्यामुळे पेणचे किस्से रोह्याला आणि रोह्याचे पेणला, अशी माझी फुकट कुरिअर सर्व्हिस कायम चालू असते.

गेल्या वर्षभरात मात्र जे काही जमलं, ते एकाच पुस्तकामुळे. इंग्रजीतून मराठीत आलेली जाडजूड कादंबरी. गावाबाहेर एकटी राहणारी चेटकीण आणि रानातला टोकदार कानांचा, पंखवाला परीलोकाचा राजा. दोघांचं प्रेम. आणि प्रेम म्हणजे लांबून सुस्कारे टाकण्यातलं नव्हे हं! चांगलं धगधगीत. मुखपृष्ठावर राजाच्या अंगात सदरा नव्हता, म्हणून मी आल्याआल्या खाकी कव्हर घातलं. तेव्हापासून पुस्तकाचं खरं नाव कुणी घेत नाही. "चेटकिणीचं पुस्तक कुणाकडे आहे?" एवढंच विचारतात.

* * *

हे पुस्तक मागवलं आमच्या अध्यक्षांनीच. जोशी सर, रिटायर्ड हेडमास्तर. यादीत चेटकीण, रान, परीलोक असले शब्द दिसले आणि त्यांना वाटलं, लोकसाहित्य असणार. पहिला वाचकही तेच. आठवड्याने परत घेऊन आले तेव्हा चेहरा असा, की शाळेत कुणी काच फोडली असावी.

"सर, कसं वाटलं?"

"निव्वळ अंधश्रद्धा!" सर गरजले. वाचणारी दोन माणसं दचकली. मग सर काउंटरवर वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "दुसरा भाग आहे म्हणतात. मागवून ठेवा. अभ्यासासाठी."

* * *

कुलकर्णी काकूंचं म्हणणं, त्यांनी "तसली" पानं सोडून वाचलं.

मी म्हटलं, "बरं केलंत काकू. कुठली हो पानं? म्हणजे बाकीच्या वयस्कर बायकांना आधीच सांगून ठेवीन."

काकूंनी पानं सांगितली. कुठल्या ओळीपासून सुरू होतं तेही सांगितलं. आणि वर म्हणाल्या, "तळ्याकाठचं जरा जास्तच आहे. म्हणजे, असावं!"

* * *

पुरुष हे पुस्तक स्वतःसाठी कधीच नेत नाहीत. बायकोसाठी नेतात. एक गृहस्थ असेच मिसेससाठी घेऊन गेले, महिनाभर ठेवलं, परत केलं. दुसऱ्या दिवशी मिसेस आल्या आणि पर्स छातीशी धरून म्हणाल्या, "ते चेटकिणीचं द्या ना. आणि आमच्या मिस्टरांना सांगू नका, त्यांना असलं आवडत नाही."

दिलं. मी कशाला कुणाच्या संसारात पडू!

* * *

मी वाचलं का? वाचलं की! पहिल्यांदा उत्सुकता म्हणून, आणि नंतर कशासाठी ते विचारू नका.

काकू म्हणतात त्या तळ्याकाठच्या पानांचं मला एवढं काही वाटलं नाही. मला लागलं ते वेगळंच. तो राजा तिच्याकडे बघतो. घरात येता-जाता आपण एकमेकांकडे बघतो तसं नाही, सगळी कामं सोडून, थांबून बघतो. आपल्याकडे असं कुणी शेवटचं कधी बघितलं, हे ओट्यापाशी उभी राहून आठवत होते आणि दूध उतू गेलं.

आमचे हे आतून ओरडले, "लक्ष कुठे असतं तुझं?"

काय सांगणार! म्हटलं, "रानात."

* * *

पेणहून हे पुस्तक जवळच्या जोहे गावी गेलं ते आमच्या वाचक रंजनामुळे. जोह्यात तिच्या घरचा गणपतींचा कारखाना आहे. पाच-सहा बायका दिवसभर रंगकाम करतात. रंजनाला वाचनाचा नाद, म्हणून त्यांनी आपली एक पद्धत बसवली आहे. रंजनाने मोठ्याने वाचायचं, तिच्या वाटणीच्या मूर्ती बाकीच्यांनी रंगवून टाकायच्या.

आमच्या घरचा गणपती तिथलाच. तो ठरवायला गेले तेव्हा बघते तर काय, रंजनाने हात वर करून सगळ्यांना थांबवलेलं.

"पुढचं परकरण तसलं हाय. डोळेवाले गणपती आत न्या आधी!"

कारखान्यात डोळे सगळ्यात शेवटी काढतात. डोळे आले की मूर्ती मूर्ती राहत नाही, देव होतो. मग देवासमोर चेटकीण आणि राजा तळ्यात उतरलेले कसे चालतील? बायकांनी पटापट डोळे झालेले गणपती उचलून आतल्या खोलीत नेले. रंजनाने घसा खाकरला. तेवढ्यात एकजण पिवळ्या हाताने समोरच्या बिनडोळ्यांच्या रांगेकडे बोट दाखवत म्हणाली,

"गो रंजने, यांना डोळे नायत, पण कान बघ ना केवढाले हायत!"

त्या दिवशी ते प्रकरण कुजबुजत वाचलं गेलं.

* * *

या कारखान्यात डोळे काढते ती कुंदा. हात असा, की तिने काढलेल्या डोळ्यांसमोर उभं राहिलं की वाटतं, आता हा नावाने हाक मारणार. कुंदाचं घर कारखान्याला लागूनच. घरात ती आणि तिची सासू, हिराबाई. नवरा प्रकाश रोह्याला कंपनीत ऑपरेटर. आमच्याच बिल्डिंगमध्ये, आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहतो. एकटा.

भांडण काय, तर त्याने खोल्या घेतल्या आणि म्हणाला, आता रोह्याला चल. ती म्हणाली, "गणपती झाले की येते." गणपती झाले. मग माघी गणपतींची कामं आली. ती होतायत तोवर पुढच्या वर्षीच्या मूर्ती सुरू झाल्या. एका सुट्टीला प्रकाश चिडून म्हणाला, "मी पाहिजे का ते डोळे पाहिजेत, एकदाच सांग."

कुंदापण चिडलेली. म्हणाली, "डोळे."

झालं! तेव्हापासून त्याची सुट्टी रोह्यातच जाते. आईला फोन करतो. हिराबाई फोन स्पीकरवर टाकतात आणि दरवेळी विचारतात, "तिला देऊ काय?" तो म्हणतो, "नको, ड्युटीवर निघालोय." कुंदा तोवर रंगाचे हात घेऊन दाराशी येऊन उभी राहिलेली असते, आणि तशीच परत जाते. हे मला रंजनाने सांगितलं आणि सांगताना तिचेच डोळे भरले. दोघांना एकमेकं हवी आहेत हे अख्ख्या जोह्याला कळतं. आधी बोलायचं कुणी, एवढाच प्रश्न!

* * *

तळ्यानंतर पुस्तकात दोघांचं बिनसतं, आणि राजा दर पौर्णिमेला चेटकिणीच्या कुंपणापर्यंत येतो आणि न बोलता परत जातो. असं बरीच प्रकरणं चालतं. बाकीच्या बायका हळहळायच्या, "बिचारा गो!"

एक दिवस कुंदाने ब्रश खाली आपटला. "बिचारा कसला? एवढाले पंख दिलेत, त्यांचा उपयोग काय? तोंड उघडायला पंख लागत नायत!"

रंजनाने पान उलटलं. तेवढ्यात हिराबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "तिला तरी दोन पाय हायत ना? कुंपण तिचंच हाय. फाटक कोण उघडणार?"

कुंदाने ब्रश उचलला आणि दुपारपर्यंत मान वर केली नाही.

* * *

हिराबाईंचं त्या पुस्तकाबद्दल स्वतंत्र मत आहे, तेही सांगून टाकते. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "परीला बाप्या असतो व्हय? आमाला कुणी सांगितलाच नाय!" मग बराच वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडे खाडीत गिऱ्हा असतो, पाण्यातला भूत. पण तो मेला नुसता बुडवतो. असला लाड नाय करत!"

* * *

एका रविवारी सकाळी आमची बेल वाजली. दारात प्रकाश. मुळात हा माणूस कमी बोलणारा. पाणी आलं का, गेलं का, एवढंच आमचं संभाषण.

"वहिनी, ते चेटकिणीचं पुस्तक हाय काय तुमच्याकडे? आई फोनवर सांगत होती."

पुस्तक घरीच होतं. मी म्हटलं, "आहे की. कुणासाठी?"

तो चपलांकडे बघत म्हणाला, "बायकोसाठी."

त्याच्या मागे त्याच्या खोलीचं दार उघडं होतं. आत एक ताट, एक वाटी, एक पेला पालथा घातलेला. मी मुकाट्याने पुस्तक दिलं. त्याची चेष्टा करायचं माझ्या जिवावर आलं.

पंधरवड्याने परत करायला आला. मी विचारलं, "आवडलं का... बायकोला?"

"बरा हाय." मग जरा घुटमळला. "पण वहिनी, हा राजा ड्युटीवर कधी जातो?"

मला हसू आवरेना. तोही हसला. आणि जिन्यापर्यंत जाऊन परत आला.

"तो तिला एवढा सगळा बोलतो कसा ओ? आधी पाठ केलेला असतो काय?"

मी म्हटलं, "प्रकाश, पाठ नको. जे आहे ते जाऊन सांग."

"तोंडातून येत नाय ओ," तो म्हणाला. सेकंड शिफ्टची वेळ झाली होती, गेला.

* * *

आणि आता यंदाचं. गणपती तोंडावर आलेले, पुस्तक पुन्हा रंजनाकडे अडकलेलं, आणि जोशी सर रोज विचारणार, "माझ्या अभ्यासाचं काय?" शेवटी मीच सुट्टीच्या दिवशी उठून जोह्याला गेले.

कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही. सगळ्यांची नुसती धांदल उडालेली. रंजनाचा घसा पार बसलेला. पुस्तक माझ्या हातात कोंबून तिने खुणेनेच सांगितलं, तुम्ही वाचा. राजा शेवटी कुंपण ओलांडून आत येतो तिथे बसचं तिकीट घालून ठेवलेलं. मी पर्समधून चष्मा काढते आहे, तोच दारात प्रकाश उभा! हातात हेल्मेट.

"कॉलनीचा गणपती ठरवायला आलो," तो म्हणाला. कुणाला उद्देशून ते कळेना. डावी-उजवीकडे सगळे गणपतीच होते, पण त्याने एकाकडेही बघितलं नाही.

कुंदा त्याच्याकडे पाठ करून डोळ्यांच्या आखणीला बसलेली. मूर्तीचा एक डोळा झाला होता, दुसरा सुरू व्हायचा होता. ती वळली नाही.

हिराबाई म्हणाल्या, "उभा काय ऱ्हायलास? इथं सगळ्यांचे हात रंगात हायत, तुझे रिकामे हायत. वाच."

त्याने मुकाट्याने माझ्या हातातलं पुस्तक घेतलं आणि उंबऱ्यावरच बसला. वाचायला लागला. कसं? कंपनीत मीटरचे आकडे वाचून दाखवावेत तसं! "राजाने तिच्या ओल्या केसांत बोटे गुंतवली. तिने डोळे मिटले. त्याचे ओठ तिच्या मानेवर टेकले." प्रत्येक वाक्याला सारखाच आवाज. बायका पदर तोंडाला लावून फिदीफिदी हसत होत्या. प्रकाशचे कान लालबुंद झाले, पण गडी थांबला नाही. हळूहळू हसू थांबलं. रंजना रंगाची वाटी हातात धरून तशीच बसली. कुंदाचा ब्रश हवेतच होता.

"राजा म्हणाला," प्रकाशने वाचलं आणि अडखळला. पान उलटलं. परत मागे आणलं.

"राजा म्हणाला, मी जनरल शिफ्ट मागून घेतली हाय. एक तारखेपासून. सकाळची गाडी धरली तर टायमात पोचतो. संध्याकाळी परत इथं. रोज. तू डोळे काढत बस. मी येऊन भात टाकीन."

मी हिराबाईंकडे बघितलं, तर त्या छताकडे बघत होत्या.

कुंदाने ब्रश पाण्यात बुडवून ठेवला. जोडीतला एक डोळा राहिलेला असताना ती जागेवरून उठली, असं त्या कारखान्यात कुणी कधी बघितलं नव्हतं. मूर्तींमधून वाट काढत ती उंबऱ्यापाशी आली. त्याच्या हातातून पुस्तक घेतलं. त्याच पानावर काळं झालेलं बोट ठेवलं, आणि एक-एक शब्द लावत वाचलं,

"चेटकीण म्हणाली, एक तारखेपासून टाका. आजचा मी टाकलाय, तो निवतोय. आधी हातपाय धुऊन या."