शेपटाची घंटा

माझ्या नातीला दोन आजोबा. एक पळते आजोबा आणि एक बसते आजोबा. ही नावं तिनंच ठेवली, चार वर्षांची असताना, आणि ती इतकी चपखल बसली की दोन्ही घरांत ती बदलायला कोणी धजलं नाही. पळते आजोबा म्हणजे माझे व्याही, माझ्या लेकीचे सासरे. बसते कोण, ते सांगायला नको. हे मी बसूनच लिहितो आहे.

व्याही गेले त्याला आता दोन वर्षं होतील. "त्यांच्यावर लिहा ना," असं नात सारखी म्हणते. मला गोष्टींचा तोटा नाही. गावच्या शाळेत मास्तर मला वर्गाबाहेर उभं करायचे ते गोष्टी सांगतो म्हणूनच, आणि मग बाहेरच्या शिपायाला मी उरलेली गोष्ट सांगायचो. पण व्याह्यांचं लिहायला बसलो की सगळ्यात आधी ते धुकं आठवतं, आणि पेन धरलेला हात आजही गार पडतो.

आधी माणूस सांगतो, मग धुकं.

चौतीस वर्षं कारखान्यात लेथवर टर्नर. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक यंत्रानं नेलेलं. त्यावर ते म्हणायचे, "वजन तेवढंच कमी झालं, पळायला बरं." पहाटे उठून आठ किलोमीटर पळायचे, परत येऊन सुनेला, म्हणजे माझ्या लेकीला, चहा करून द्यायचे, नातीच्या वेण्या घालायचे. तुटक्या बोटानं घातलेली वेणी संध्याकाळपर्यंत हलायची नाही. मंगळवारी इस्पितळात जाऊन चाकाच्या खुर्चीतल्या पेशंटांना बागेत फिरवायचे. पगार नाही, पावती नाही. एकदा एका म्हातारीला इतक्या जोरात फिरवलं की नर्स मागे धावली. म्हातारी म्हणाली, "अजून एक फेरी!"

मी मात्र पळणाऱ्यांकडे बघूनच दमणारा. आमची भांडणं त्यावरच.

"अहो व्याही, पाय दिलेत देवानं."

"दिलेत ना. एकावर एक ठेवायला."

आमच्या गावाला लागून एक डोंगर आहे. गावातल्या धावण्याच्या क्लबतर्फे दरवर्षी त्याच्यावर बारा किलोमीटरची शर्यत होते. या शर्यतीत व्याह्यांचं काम ठरलेलं, अठरा वर्षं एकच. ते 'शेपूट'. शेपूट म्हणजे सगळ्यात शेवटच्या धावणाऱ्याच्या मागून जाणारा माणूस. त्यानं कोणाला ओलांडायचं नाही, कोणाला मागे ठेवायचं नाही. त्यांच्या कमरेला एक पितळी घंटा असायची, जुन्या शाळेतली. वाटेत पाण्याच्या तीन चौक्या. घंटा चौकीवरून पुढे गेली की मागचा रस्ता रिकामा, असं समजायचं आणि चौकी उठवायची. अठरा वर्षांत ही गोष्ट एकदाही खोटी ठरली नव्हती.

त्या वर्षी नात तेरा वर्षांची झाली आणि पहिल्यांदा पळणार होती. नंबर एक्केचाळीस, डोक्यावर लाल टोपी. व्याह्यांनी मला डोंगरावरच्या तिसऱ्या चौकीवर बसवलं. "बसायचंच काम आहे," म्हणाले. "येईल त्याला पाणी द्या, छातीवरचा नंबर बघा, यादीत खूण करा. नंबर बघून. चेहरा बघून नाही, आवाज ऐकून नाही. कळलं?"

"व्याही, मी सातवी पास आहे."

"म्हणूनच दोनदा सांगतोय."

तिसऱ्या चौकीच्या अलीकडे दगडाची जुनी खाण आहे. कित्येक वर्षं बंद, तळाशी काळं पाणी. खाणीकडे एक जुनी गाडीवाट फुटते. तिथे लाल फीत बांधून वाट बंद केली होती.

सकाळी नऊला धुकं उतरलं. असं धुकं की पुढे केलेल्या हातातला पेला आपलाच का दुसऱ्याचा, कळू नये. माणसं आधी ऐकू यायची, धापा टाकत, मग एकदम समोर उभी राहायची. मी पाणी देत होतो, खुणा करत होतो, आणि डोळे लाल टोपीकडे लावून बसलो होतो. आणि आली की हो लाल टोपी! दहा हातांवरून, पाण्याला न थांबता, तरातरा निघाली. मी उभाच राहिलो. "शाब्बास माझी वाघीण!" तिनं हात हलवला. मी एक्केचाळीसवर अशी खूण केली की कागद फाटला.

नंबर मी बघितला नाही.

आणखी वीस मिनिटांनी घंटा ऐकू आली. शेवटून पहिले होते आमच्या शाळेचे जाडजूड ड्रॉइंग मास्तर, आणि त्यांच्या मागे व्याही.

"सगळे?"

"त्रेसष्टच्या त्रेसष्ट. तुमची नात तर वाऱ्यासारखी गेली!"

व्याही हसले. माझ्या यादीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. माझ्या शब्दावर त्यांनी चौकी उठवली. चौकीचा कापडी फलक मी गुंडाळून खांद्यावर टाकला आणि आम्ही तिघं शर्यतीच्या वाटेनं पुढे उतरायला लागलो. मी गोष्ट सांगत होतो. कुठली, ते आता आठवत नाही.

पाव मैल गेलो असू. समोरून धुक्यातून लाल टोपी वर आली.

पंचविशीतली मुलगी होती. छातीवर नंबर नाही. रोज त्या डोंगरावर पळायला येणारी, शर्यतीशी संबंध नसलेली. मला बघून हसत म्हणाली, "आजोबा, मघाशी मला वाघीण म्हणालात ना? आजचा दिवस मस्त जाणार माझा!"

मी यादी उलगडली आणि एक्केचाळीसच्या जागी पडलेलं भोक बघितलं.

व्याह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी यादी पुढे केली. फाटलेल्या कागदातून त्यांचा अंगठा आरपार दिसला. ते एकच वाक्य बोलले, तेही हळू, "म्हणजे ती माझ्या मागे राहिली."

घंटा तिच्यावरून पुढे गेली होती. दुसरी चौकी उठली होती, तिसरी माझ्या शब्दावर उठली होती. त्या डोंगरावर आता तिला शोधणारं कोणी नव्हतं, कारण ती हरवली आहे हेच कोणाला माहीत नव्हतं. डोंगरावर फोनला रेंज नव्हती. ड्रॉइंग मास्तरांना खाली क्लबकडे पिटाळलं. जन्मात पळाले नसतील असे पळाले. लाल टोपीची मुलगी आमच्याबरोबर वळली. आणि मी, चप्पल शोधायलाही माणूस पाठवणारा, चढावर पळालो.

खाणीच्या फाट्यावर फीत नव्हती. वाऱ्यानं सुटून झुडपात पडली होती. मातीत लहान बुटाचा ठसा, खाणीकडे वळलेला.

मी ओरडायला लागलो. नातीचं नाव, देवाचं नाव, जे तोंडाला येईल ते. व्याह्यांनी माझं तोंडच दाबलं. "गप. ती ओरडली असणार मघाशी. माझ्या घंटेच्या आवाजात मलाच ऐकू आलं नाही. आता ऐकायचं."

त्यांनी कमरेची घंटा सोडून हातात घेतली. तीन टोले दिले आणि आतला लोळा मुठीत धरला. तिघंही श्वास धरून उभे. काही नाही. झाडावरून थेंब गळत होते, बस्स. दहा पावलं पुढे. तीन टोले, मूठ. काही नाही. मी मनात म्हणत होतो, पाण्याचा आवाज नको, बाकी कुठलाही चालेल. पुन्हा दहा पावलं. तीन टोले, मूठ. त्या मुठीतलं तुटकं बोट मी बघितलं. ज्या हातानं वेणी घट्ट बसायची, तो हात.

आणि खालून आवाज आला. टक. टक. टक. दगडावर दगड.

खाणीच्या कडेपासून पुरुषभर खाली एक खाच होती, खाटेएवढी, आणि तिच्यात नात अंग चोरून बसली होती. पाय मुरगळलेला, घसा बसलेला. तिच्याखाली धुकं होतं. धुक्याच्या खाली काय, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ती हलली की बारीक खडी सुटायची, आणि खाली पडल्याचा आवाज यायला फार वेळ लागायचा.

"आजोबा," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "घंटा गेली. मी हाका मारल्या, पण घंटा गेली."

"आली ना परत?" व्याही म्हणाले. "आता हलायचं नाही. श्वाससुद्धा हळू."

ते कडेवर पालथे झोपले. माझ्या खांद्यावरचा फलक पिळून त्याचा दोर केला, एक टोक मनगटाला गुंडाळलं. मग मान न वळवता म्हणाले, "व्याही, बसा."

"काय?"

"माझ्या पायांवर बसा! आयुष्यभर बसलात, आज नीट बसा!"

मी बसलो. ऐंशी किलो, एकही इकडे तिकडे न सांडता. ते कंबरेपर्यंत कडेबाहेर गेले. मला फक्त त्यांची पाठ दिसत होती, आणि दर खेपेला ती पाठ बोटभर पुढे सरकत होती. मी टाचा मातीत रुतवल्या आणि डोळे मिटून घेतले. खरं तेच सांगतो, मी बघितलं नाही. ऐकलं फक्त. "मनगटाला दोन वेढे घे. अजून एक. आता माझ्याकडे बघ. खाली नाही, माझ्याकडे." मग खडीचा मोठा सडा खाली गेला, लाल टोपीची मुलगी "खेचा!" म्हणून ओरडली, आणि माझ्या गुडघ्यावर काहीतरी ओलं, चिखलाचं, रडणारं येऊन पडलं.

डोळे उघडले. दोन्ही वेण्या जशाच्या तशा होत्या.

आता खरी भीतीची गोष्ट. डोंगरावरची भीती तासाभराची होती, ही अकरा महिन्यांची.

त्याच संध्याकाळी माझी लेक दारात उभी राहिली, चेहरा पांढराफटक. "मागे राहिली कशी? चूक कोणाची?"

मी तोंड उघडलं. माझ्याआधी व्याही म्हणाले, "माझी. शेपूट मी आहे. मी मागे बघायला हवं होतं."

आणि मी तोंड मिटलं.

क्लबनं बैठक घेतली. अठरा वर्षांचा मान राखून, पण घंटा काढून घेतली. ती कपाटात गेली. व्याह्यांनी सकाळचा चहा आणि वेण्या चुकवल्या नाहीत. पहाटेचं पळणं मात्र कमी झालं. लेक त्यांना नातीबरोबर एकटं बाहेर सोडेना. माझ्याबरोबर सोडायची! "बाबांबरोबर जा," म्हणायची, "ते कुठे पळत नाहीत." नात माझं बोट धरायची आणि माझ्या कपाळाला घाम फुटायचा. चोराच्या मनात चांदणं. दारावर टकटक झाली तरी वाटायचं, कळलं. सांगावं तर लेक तोंड बघणार नाही, नात तुटेल. न सांगावं तर समोर व्याही रोज थोडे म्हातारे होताना दिसायचे.

एकदा त्यांना म्हटलं, "मी सांगून टाकतो."

"कशाला? माझ्यावर रागावली तरी सून सकाळी माझ्या हातचा चहा पिते. तुमच्यावर रागावली तर तुम्ही नातीला भेटणार कसे, फेरीवाल्यासारखं खिडकीखाली उभं राहून?"

पुढच्या शर्यतीआधी क्लबच्या खोलीत सगळे जमले. नवं शेपूट नेमायचं होतं. लेकही आली होती, यंदा नातीला पळू द्यायचं नाही हे सांगायला. अध्यक्षांनी कपाटातून घंटा काढली आणि टेबलावर ठेवली. ठेवताना ती एकदाच वाजली.

मी उठलो. घरातून निघताना फाटकी यादी खिशात घेतली होती, ती घंटेशेजारी ठेवली. म्हटलं, "चौकी माझी होती. नंबर न बघता खूण मी केली. यांनी मला दोनदा सांगितलं होतं." आयुष्यात इतकी छोटी गोष्ट मी कधी सांगितली नव्हती.

मला लेकीकडे बघायचं धैर्य नव्हतं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग दार. ती निघून गेली.

व्याही माझ्याजवळ आले. "गप्प बसायला काय घेतलं असतं तुम्ही? बसण्यात तर हातखंडा!" डोळ्यांत पाणी होतं, शिवी मात्र पूर्ण दिली. ती इथे लिहीत नाही, नात वाचणार आहे.

लेक माझ्याशी अडतीस दिवस बोलली नाही. एकोणचाळिसाव्या दिवशी फोन आला, "बाबा, डबा न्यायला या." बस्स, एवढंच. मी डबा घेतला, घरी येऊन उघडला आणि न खाता नुसता बघत बसलो.

घंटा व्याह्यांच्या कमरेला परत गेली ती पुढच्या तीन शर्यतींपुरती. नवा नियम त्यांनीच केला. दर पन्नास पावलांवर थांबायचं, लोळा मुठीत धरायचा, वीस मोजेपर्यंत ऐकायचं, मग पुढे. त्यामुळे शर्यत तासभर लांबते. कोणी तक्रार करत नाही.

आता ती घंटा नातीकडे आहे. तिसरी चौकी अजून माझ्याकडेच. येणाऱ्या प्रत्येकाला मी थांबवतो. टोपी काढायला लावतो, नंबर मोठ्यानं म्हणायला लावतो, बोट लावून खूण करतो. पोरं वैतागतात. "आजोबा, शर्यत आहे ही, कचेरी नाही!" म्हणू देत. गेल्या वर्षी पुन्हा धुकं उतरलं. बासष्ट खुणा झाल्या होत्या, एक बाकी. खालून घंटा ऐकू येत होती. मग ती मुठीत धरली गेली आणि सगळं शांत झालं.

मी मोजायला लागलो. एक, दोन, तीन. अठरापर्यंत आलो तेव्हा माझ्या हातातलं पेन यादीवर टकटक वाजत होतं.

एकोणिसाला घंटा पुन्हा वाजली. नेहमी वीस असतात. पोरगी घाईची आहे. त्रेसष्टावी खूण बोट लावून केली, आणि शर्यत संपल्यावर तिला बसवून चांगली झाडली.