रिअ‍ॅक्टर ऑटोवर टाकला तो दिवस

मोरिवलीच्या कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर म्हणून लागले, तेव्हा तिथला रिअ‍ॅक्टर, म्हणजे रसायनं एकत्र येऊन आपोआप तापतात ती मोठी टाकी, हातानेच चालायचा. आपोआप पाणी सोडणारा कंट्रोलर होता, पण त्याच्यावर कुणाचा भरवसा नव्हता. तापमान वाढलं की थंड पाणी किती सोडायचं, हे त्याला तीन आकड्यांनी शिकवावं लागतं. आकडे चुकले की तो एकतर घाबरून पाणी ओततो, नाहीतर ढिम्म बसतो. मी शिकवीनच, असा हट्ट धरला. शेवटी एका सकाळी मॅनेजर साहेब वैतागले. आजची एक बॅच तुमची, म्हणाले. जमलं नाही तर कंट्रोलर कायमचा बंद.

मी लगेच वरच्या कंट्रोल रूममध्ये स्क्रीनसमोर जाऊन बसले.

पहिला आकडा वाढवला. स्क्रीनवरची तापमानाची रेघ वर चढली आणि कुणी कान धरून आणल्यासारखी खाली आली. जमलं, म्हणून मी खूश! पुढच्या वेळी त्याच आकड्यावर भलतंच काहीतरी. दोन तासांत माझी सगळी गणितं तोंडावर आपटली. मग लक्षात आलं, कंट्रोलरने पाणी पूर्ण बंद केलंय, तरी तापमान उतरतंय. हे शक्यच नव्हतं. मी धावत खाली गेले.

खाली आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर काका उभे होते, बारवीकडच्या पाड्यावरचे. बाजूला थंड पाण्याचा, हाताने फिरवायचा एक जादा व्हॉल्व्ह होता, त्यावर त्यांचा हात.

"काटा वर चालला का जरा पाणी सोडत होतो," ते म्हणाले. "साहेब सकाळी तुमाला बोलले ना. म्हटलं, पोरीचं काम व्हायला पायजे."

रागवावं की हसावं, कळेना. त्यांच्या मायेपायी माझा कंट्रोलर वेडा झाला होता! तो व्हॉल्व्ह बंद करायला लावून मी त्यांना वर आणलं आणि शेजारच्या खुर्चीत बसवलं. बिचारे हात मांडीखाली दाबून बसले.

मग काय, आकडे पटापट लागत गेले. रेघ हव्या असलेल्या ऐंशी अंशांच्या वर गेली, खाली आली, पुन्हा थोडी वर, मग त्याहूनही कमी, आणि ऐंशीवर टेकली. टेकलीच! मला नाचावंसं वाटत होतं. पण रेघेत अजून बारीकशी थरथर होती. एक आकडा किंचित हलवला तर तीही जाईल, म्हणून मी माउसकडे हात नेला.

"मॅडम, माझा हात काढलात," काका हळूच म्हणाले. "आता तुमचा पण काढा."

मी काढला. साहेब आले तेव्हा कंट्रोलर ऑटोवर होता आणि आम्ही दोघं काहीही न करता बसलो होतो.