गरम वालांची शिट्टी

वालाची उसळ मला लहानपणापासून आवडत नाही. ताटात दिसली की डोकंच फिरतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे त्या दिवशी माझ्यावर काय बेतलं ते कळेल.

स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. कारंज्यात माझ्याकडे लाऊडस्पीकरचं मशीन होतं. मोटारीच्या बॅटरीवर चालणारी लाकडी पेटी आणि भला मोठा भोंगा. पेटीत काचेचे व्हॉल्व्ह. आम्ही त्यांना ‘वाल’च म्हणायचो. ते तापून लाल झाल्याशिवाय भोंगा बोलत नसे, आणि फार तापले की पेटी घुंईघुंई करायची. म्हणून मी मागची फळी काढून पुठ्ठ्यानं वारा घालत बसे. त्यात एक वाल ढिला. पेटीला जरा धक्का लागला की मेला शिट्टी मारायचा, तीही टवाळ पोरासारखी!

शेलूबाजारकडच्या एका शेतकऱ्याच्या मुलीचं स्थळ मला आलं होतं. तिच्या वडिलांना मी काकाजी म्हणे. त्यांची अट एकच. "पोरगा भोंगा वाजवते म्हने. आमच्या मारोतीच्या देवळात वाजवून दाखव, मंग पोरीचं पाहू." मुलगी मी बाजारात एकदा लांबून पाहिली होती. मला ती हवीच होती, उगाच कशाला लपवू?

देवळाला कळस बसवायच्या दिवशी भर दुपारी सगळं गाव जमलं. मी बटण दाबलं. भोंगा गप्प.

"काहून बोलून नाही राह्यला?" काकाजींनी विचारलं.

"काकाजी, वाल गरम होऊ द्या. त्याबिगर आवाज निघत नाही."

काकाजींनी माझ्या सुकलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि शेजारच्या आपल्या घराकडे हाक दिली, "अवं, पावन्याले वाल गरम करून आना! त्याबिगर त्याचा आवाज निघत नाही म्हन्ते!"

मी काही बोलेपर्यंत वाटी आलीसुद्धा, आणि घेऊन आली खुद्द ती मुलगी. तिनं वाफाळती वाटी पेटीवर टेकवली मात्र, भोंग्यातून साऱ्या गावावर शिट्टी घुमली. फुईईई!

मुलगी लाजून लाल, काकाजी रागानं. "माह्या पोरीले शिट्टी कोनं मारली बे?"

"मी नाही, काकाजी! वालानं मारली!"

काकाजींनी वाटीत पाहिलं, मग माझ्याकडे. "वाल शिट्ट्या मारतेत? मले येडा समजून राह्यला का? उचल तुहा भोंगा!"

गेलं लग्न. रडूच यायचं बाकी होतं. तेवढ्यात काकाजींनी ती वाटी उचलून तावातावानं पुन्हा पेटीवर आपटली. फुईईई!

"अरे बाप्पा," काकाजी पुटपुटले, "मलेई मारली!"

मुलगी पदराआडून फिसकन हसली. पेटीला जोडलेला माईक तिच्या जवळच होता. ते हसू भोंग्यातून गावभर गेलं आणि मग गावाला काही आवरेना. काकाजी हसून हसून खाली बसले. वाटी माझ्या हातात देत म्हणाले, "खाय बाप्पा. गरम हायेत."

लग्न जमत होतं, म्हणून मी वाटी चाटूनपुसून खाल्ली, वर आणखी मागितली. चुकलं ते तिथंच. तिनं पाहिलं ना! मशीन केव्हाच मोडीत गेलं. पण अजूनही मी जरा रुसून गप्प बसलो की घरात वाल गरम होतात, आणि ती वाटी पुढं सरकवून माझं तोंड पाहत बसते. मी खातो. आवडत नाहीत हे तिला अजून सांगितलेलं नाही.