न बघता चालणारे हात

शुक्रवार, १९ सप्टेंबर १९९७, सकाळचे आठ वाजून दहा मिनिटे. कळव्याच्या खाडीकाठी मच्छीमार सोसायटीच्या कार्यालयात मालन कोळी नव्या कॉम्प्युटरशेजारी उभी आहे. खुर्चीवर प्रमोदिनी आहे. ती डोंबिवलीहून येते. सभासदाचे खाते कसे उघडायचे ते मालन तिला सांगते. माऊसला स्वतः हात लावत नाही.

"ताई, तुम्हाला विंडोज आवडत नाही ना?"

"बालवाडीत चित्रं दाखवतात, तसं वाटतं मला. तू क्लिक कर."

मालन एक्केचाळीस वर्षांची आहे. १९८८ साली कल्याणच्या एका क्लासमध्ये ती टायपिंगचे वर्डस्टार आणि नोंदी ठेवायचे डीबेस शिकली. पुढच्या वर्षी सोसायटीने कॉम्प्युटर घेतला, तेव्हा सभासदांच्या डिझेल-बर्फाच्या हिशेबाचा प्रोग्राम तिनेच लिहिला. काळा पडदा, हिरवी रोमन अक्षरे. तिची मते ठाम होती आणि ती सर्वांना ऐकवत असे. वर्डस्टारमध्ये हात कीबोर्डवरून उठत नाही, म्हणून ते उत्तम. डीबेस त्याहून उत्तम, कारण पुसलेल्या नोंदीवर तो नुसती खूण करतो. 'पॅक' हा हुकूम देईपर्यंत ती परत बोलावता येते. "माझे हात बघत नाहीत, त्यांना ठाऊक असतं," असे ती म्हणे.

तिच्या प्रोग्राममध्ये टोपणनावाचा रकाना होता. कोळीवाड्यात आजोबांचे नाव नातवाला देतात, त्यामुळे एकाच नावाची, एकाच बापाच्या नावाची माणसे दोन-तीन निघतात. ओळख टोपणनावाने. यादीही त्याच क्रमाने लागे.

जूनमध्ये ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून नवा प्रोग्राम बनवून आला. त्यातला हा रकाना अध्यक्ष दाजी तांडेल यांनी काढायला लावला.

"जिल्ह्याचे साहेब येऊन स्क्रीन बघणार. त्यांना काय 'काडी' आणि 'शिंपल्या' दाखवायचे?"

"मग माणूस ओळखायचा कसा, दाजी?"

"होडीचा नंबर आहे ना. तुला जुनं सोडवत नाही गो, एवढंच. दिवाळीपर्यंत जमव. नाहीतर बर्फाच्या खिडकीवर जागा आहे."

ऑगस्टअखेर दामाजी पंढरी कोळी ऊर्फ काडी वारला. त्याचा भाऊबंद दामाजी पंढरी कोळी ऊर्फ शिंपल्या हयात होता. जुन्या यादीत काडी वर असे, शिंपल्या खाली. नव्या यादीचा क्रम होडीच्या नंबरावर होता. मालन काडीची नोंद पुसायला बसली, तेव्हा दारात बर्फाची गाडी लागली होती. मालन तिकडे बघत होती. पहिली ओळ, एंटर. 'नक्की?' एंटर.

तीन दिवसांनी शिंपल्या डिझेलचे कॅन घेऊन आला. खाते सापडेना.

"काय गो मालन, जित्तेपनी मारलास मना? बाराव्याला जेवान तरी घालाचा व्हता!"

रांग हसली. मागून कोणी म्हणाले, "दामाजी, तू भूत हाय. भुताला डिझेल कशाला?" मालनही हसली आणि पडद्याकडे वळली. खूण कुठेच नव्हती. नव्या प्रोग्रामात पुसलेले परत येत नव्हते. पुन्हा सभासद करायचे तर कमिटीची मंजुरी हवी, आणि बैठक पुढच्या आठवड्यात. बाहेरचे डिझेल शिंपल्याला परवडणारे नव्हते. भर उधाणात त्याची होडी बांधलेली राहिली.

बैठकीत मालन म्हणाली की टोपणनाव असते तर हे झाले नसते. ते खरे होते. दाजींनी आवाज चढवला नाही.

"नंबर समोर होता. बघितलास?"

मालन म्हणाली, "नाही."

त्यानंतर तिची सॉफ्टवेअरबद्दलची मते कोणी विचारली नाहीत. तिनेही सांगितली नाहीत. शिंपल्याला पुन्हा सभासद करण्याचा आणि मालनला हलवण्याचा ठराव एकमताने झाला. तिच्या जागी प्रमोदिनी आली.

शुक्रवारी दुपारपर्यंत शिंपल्याचे खाते पुन्हा उघडले. काडीची नोंद अजून तशीच होती. ती पुसताना मालनने प्रमोदिनीला होडीचा नंबर मोठ्याने वाचायला लावला, दोनदा. मग जुना कॉम्प्युटर कापडाने झाकला. तो भंगारात जाणार आहे. त्याचे कोणी काही विचारले नव्हते.

उद्या बर्फाची गाडी सकाळी सव्वासहाला येईल. बर्फाच्या खिडकीवर मालन कोळी असेल.