पिठातली अक्षरं

बहारीनमधल्या अरादला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे काका अल्बेनियाचे. इथल्या एका शाळेत पोहणं शिकवतात. माणसांशी मोडकंतोडकं इंग्रजी बोलतात, वर अरबी 'यल्ला, खलास'. पण जिन्यातल्या मांजराशी, रुसलेल्या गाडीशी आणि लिफ्टशी मात्र अल्बेनियनच. "इथं बोलायला आमचं कुणी नाही. जीभ गंजेल," म्हणतात. लिफ्ट अडली की तिची अशी काही समजूत घालतात, की मला लिफ्टचीच दया येते.

नोव्हेंबरअखेर त्यांचा स्वातंत्र्यदिन. गॅलरीत दोन डोक्यांच्या गरुडाचा लाल झेंडा लागतो आणि आम्हाला जेवायला बोलावणं येतं. यंदा गेलो तेव्हा काका कणकेचे पातळ पापुद्रे लाटत होते. मी मराठीत विचारायचं आणि लेकीनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, हे आमचं नेहमीचं चाललं होतं.

काकांनी लाटणं थांबवलं. तिला म्हणाले, "तुर्की सुलतानाच्या राज्यात आमच्या भाषेतून शिकवायला बंदी होती. माझ्या पणजोबांना त्यांच्या आईनं पिठात बोट फिरवून अक्षरं शिकवली. दार वाजलं, की ती पीठ सारखं करून पोळी लाटायला घ्यायची."

मग त्यांनी ओट्यावर मूठभर पीठ पसरलं. "तुझं नाव लिही. आईच्या भाषेत."

लेकीनं बोट टेकवलं आणि ती तशीच थांबली. शेवटी हळूच, चक्क मराठीत, म्हणाली, "आई, 'म' कसा काढतात?"

मी तिचा हात धरला. काका पिठाच्या हातांनी तसेच गेले आणि दाराला आतून कडी घालून आले.