लाकडावरची वेणी

आमच्या लालबागच्या चाळीत रमावहिनींचं नाव काढलं की लोक आधी हसतात. "लाकडाला पाणी घालणारी बाई ना?" म्हणतात. हसू देत मेल्यांना! लाकूड त्यांनी उगाच नाही टांगलेलं. त्यांच्या सासरी, परबांच्या गावच्या घरामागचा फणस रस्तारुंदीत गेला, तेव्हा बाकीचे भाऊबंद खोडाच्या वाटणीवरून भांडत होते. वहिनींनी फक्त एका फांदीचा तुकडा मागितला, कारण त्याला सीतेची वेणी चिकटलेली होती.

ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते. हे झाडाच्या अंगावर वाढणारं ऑर्किड. माती लागत नाही, पानं पट्ट्यांसारखी जाड, मुळं राखाडी, हवेत लोंबणारी. आणि वर्षातून एकदाच, उन्हाळा सरता सरता, गुलाबी-जांभळ्या फुलांचा गच्च घोस खाली सुटतो, थेट वेणीसारखा. परबांच्या घरातून सासरी जाणाऱ्या मुलीच्या आणि घरात येणाऱ्या सुनेच्या केसात ही वेणी माळायची, अशी त्यांची रीत. त्यांच्याकडची लग्नं म्हणून मे महिन्याच्या शेवटी. वहिनींनी स्वतः ती माळली होती, आणि लेकीला, रुपालीला माळायची हे त्यांनी पोरगी रांगत होती तेव्हापासून ठरवलेलं.

पण मुंबईत आल्यापासून त्या फांदीनं पानं दिली, मुळं दिली, फूल काही देईना. वहिनींनी काय करायचं बाकी ठेवलं? सकाळी फांदी बादलीत बुडवायची, मग गॅलरीच्या कोपऱ्यात, जिथे कोवळं ऊन येतं तिथे टांगायची. दुपारी इस्त्रीवाल्यासारखी फवारणी. अधूनमधून मासे धुतलेलं पाणी, अगदी पातळ करून. त्या दिवशी मजल्यावरची सगळी मांजरं फांदीखाली सत्याग्रहाला बसायची, आणि शिव्या खायची मी, कारण माझं दार शेजारचं.

यंदा रुपालीचं जमलं. मुलगा गंधार, ठाकूरद्वारचा, शांत पोरगा. आणि काय योग बघा, त्याच महिन्यात पानाच्या बेचक्यातून दांडा निघाला. "उर्मिला, चल बघ," म्हणत वहिनींनी मला हाताला धरून नेलं. मोहरीएवढ्या कळ्यांनी भरलेला दांडा! मला इतका आनंद झाला की मी बोलून गेले, "अगं बाई, किती सुंदर! माझीच नजर लागायची हो!" उचलली जीभ, लावली टाळ्याला. वहिनी तेव्हा हसल्या होत्या.

त्याच सुमारास चाळीची दुरुस्ती निघाली. गॅलरीला परांच्या बांधल्या, भिंती खरवडायला घेतल्या, जिथेतिथे चुन्याची धूळ. वहिनींनी फांदी घरात घेतली आणि खिडकीजवळ, खाटेच्या वर आकड्याला टांगली. खाटेखाली भाऊंची आढी, गवतात पिकत घातलेले आंबे. भाऊ म्हणजे वहिनींचे यजमान, कुशाबा. बेस्टच्या डेपोतून रिटायर झालेला हा माणूस बाजारातला पिकलेला आंबा तोंडात घालणार नाही. गावचा आंबा, गावचं गवत आणि स्वतःचा हात, एवढंच त्यांना मान्य. यंदा तर व्याह्यांना द्यायचे म्हणून आढी दुप्पट. आंबे घेऊन भाऊंची थोरली बहीण गंगुबाई गावाहून आली ती लग्न होईपर्यंत राहायलाच.

आणि कळ्या पिवळ्या पडायला लागल्या. आधी देठाजवळच्या, मग त्यांच्या खालच्या. सकाळी चादर झटकली की टपटप पडायच्या. वहिनींचा चेहरा उतरला. पाणी कमी केलं, वाढवलं, फांदी फिरवली, काही केल्या थांबेना. लग्न तर तोंडावर आलं होतं.

मी बघायला गेले तर गंगुबाई सुपारी कातरत म्हणाल्या, "कोणाचो तरी डोळो लागलो." म्हणाल्या आणि माझ्या कपाळाकडे बघितलं. माझे मिस्टर जाऊन आता बरीच वर्षं झाली. कपाळ मोकळं आहे, दिसतं सगळ्यांना. त्याचं मला काही नाही. पण मी वहिनींकडे बघितलं, आणि वहिनी काही बोलल्या नाहीत. फांदीकडे बघत बसल्या.

मी घरी आले. भांडी आपटली, कोणाला ऐकू जावीत म्हणूनच आपटली. इतकी वर्षं ज्या घरी मी न विचारता मीठ आणायला जाते, तिथे त्या संध्याकाळी दार लोटून मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढल्याचा वास आला. कोणाची नजर उतरवत होते ते सांगायला लागत नाही. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर रडूही आलं. त्या पोरीच्या लग्नाची साडी हिंदमाताच्या कापडबाजारात मीच शोधली होती, त्या फुलाच्या रंगाची.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुपाली दारात उभी. हातात केळ्यांची फणी. तीन-चार दिवसांपूर्वी मीच ती कच्ची केळी त्यांच्या आढीत टाकायला दिली होती, दरवर्षी देते तशी.

"काकू, तुमची केळी." मान खाली. "आत्या म्हणते, तुमचं काही घरात नको. मी सॉरी म्हणते तुम्हाला."

"अजून किती कळ्या राहिल्यात गं?"

"शेंड्याच्याच." आणि पोरगी हुंदके द्यायला लागली.

मी केळी हातात घेतली. दिली तेव्हा हिरवीगार होती, आता पिवळीधमक. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. केळी पिवळी, कळ्या पिवळ्या. आढीजवळ ठेवलं की जे असेल ते पिकतं, आणि पिकलं की गळतं! रुपालीनं तिथल्या तिथे मोबाईलवर बघितलं. "काकू, खरंच आहे! ऑर्किड पिकत्या फळांजवळ ठेवू नका, असं लिहिलंय."

मग मी थांबते होय? लोटलेलं दार ढकलून आत गेले.

"भाऊ, तुमची आढी बाहेर काढा. तिनं कळ्या खाल्ल्या, मी नाही."

भाऊ भडकले. "आमी वाडवडलांपासून आडी लावतंव! कधी फूल गळला नाय!"

"गावाला फणस परसात होता आणि आढी माळ्यावर. इथे दोघं एका खाटेला आहेत. आंबे पिकवणारी ती हवा जाणार कुठे?"

"आता आंबे हलवले तर डागतील. व्याह्यांसमोर माझी शोभा करतलंस?"

"ह्या बाईचा ऐकतलंस तू?" गंगुबाई वहिनींना म्हणाल्या. "चोर तो चोर, वर शिरजोर!"

"चोर सोडून संन्याशाला फाशी देताय तुम्ही!" मी पण आवाज चढवला. गॅलरीत परांचीवरचे रंगारी काम थांबवून ऐकत होते.

वहिनी उठल्या. त्यांनी खाट ओढली, पदर खोचला आणि गवतासकट आंबे टोपलीत भरायला लागल्या. "खंय नेऊचे?" एवढंच विचारलं, तेही माझ्याकडे न बघता.

"माझ्याकडे," मी म्हटलं. "माझ्या घरात पिकले तर चालतील ना, की तेही नासतील?"

खिडक्या सताड उघडल्या, पंखा लावला. दुसऱ्या दिवशी पुन्हा कळ्या गळल्या. गंगुबाई माझ्या दारावरून मुद्दाम खाकरत गेल्या. आता आंबेही माझ्याकडे आणि अपयशही माझ्याच पदरी. त्यानंतरच्या सकाळी मी दाराआडून कान देऊन उभी होते. चादर झटकल्याचा आवाज आला. मग रुपालीची हाक, "काकू, एकही नाही!"

शेंड्याच्या कळ्या राहिल्या आणि लग्नाच्या आदल्या दिवशी उमलल्या. अर्धा दांडा उघडा आणि टोकाला तेवढा गुलाबी घोस. दादरच्या हॉलवर वहिनींनी तो ओल्या फडक्यात गुंडाळून आणला. रुपाली आरशासमोर बसली होती. गंगुबाईंनी हात पुढे केला. घरातली थोरली सवाष्ण, मान त्यांचाच. मी मागे सरकून दाराशी उभी राहिले. आपल्याला कुठे थांबायचं ते कळतं.

"वन्सं, तुमी आंबे वाटा," वहिनी म्हणाल्या. "वेणी उर्मिला माळतली."

मी म्हटलं, "अहो वहिनी, नको. शुभकार्य आहे. माझा हात कशाला?"

वहिनींनी फडकं माझ्या हातात ठेवलं. डोळे भरले होते त्यांचे. "त्या दिवशी मी गप रवलंय," त्या म्हणाल्या. "आज रवचंय नाय."

"काकू, घट्ट लावा हं," आरशातून रुपाली म्हणाली. "पडता कामा नये."

पहिली पिन माझ्या हातून खाली पडली. दुसरी वहिनींनी दातांनी उघडून माझ्या हातात दिली.