दारफाळणीच्या आधी

नारायणगावात ज्यूंचं घर आमचं एकच. वडील जनावरांचे डॉक्टर. बदलीवर आले आणि इथलेच झाले. ते गेल्यावर घरात आई आणि मी. आई दारफाळणीचा उपास कधी चुकवत नसे. आदल्या संध्याकाळी अंघोळ करून पांढरी साडी नेसायची, दार लावून घ्यायची, ते दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत उघडायचं नाही. पाणीसुद्धा नाही. हा सण दसऱ्याच्या आसपास येतो. सोनं द्यायला येणाऱ्यांनाही ते ठाऊक असायचं.

उपासाआधी, ज्याला दुखावलं त्याची माफी मागायची असते. त्याच्या वाटची माफी देव देत नाही.

शेजारी कापडदुकानवाल्या जैन भाभी. एका उन्हाळ्यात त्यांनी पत्र्याची शेड टाकताना वडिलांनी लावलेला शेवगा तोडायला लावला. आई भर गल्लीत म्हणाली, "मुंगी मारायची नाही म्हणता, आणि झाड मारलेलं चालतं तुमच्या धर्मात?" भाभी आत गेल्या.

संवत्सरीला, त्यांच्या माफी मागायच्या दिवशी, त्या आमच्या दारात आल्या. हात जोडून म्हणाल्या, "मिच्छामि दुक्कडम, ताई. झाडाचं माझं चुकलं." आई मेथी निवडत होती. "बरं," म्हणाली, मान वर केली नाही. भाभी जरा थांबल्या आणि गेल्या.

मी आईवर चिडले. ती म्हणाली, "जाईन गं मी. माझ्या सणाला जाईन."

सणाच्या आदल्या दिवशी गेली, तर कुलूप. दुकानातला माणूस म्हणाला, "भाभी सुरतला पोराकडं गेल्यात. गुडघ्याचं ऑपरेशन हाय. आता तिकडंच ऱ्हातील." नंबर हाती येईतो दिवस मावळला. सण लागला, मग फोनला हात लावायचा नव्हता.

दुसरा अख्खा दिवस आई प्रार्थनेचं पुस्तक मांडीवर घेऊन बसली. दुपारी एकदाच बोलली, "ती स्वतः चालत आली होती गं. दुखऱ्या गुडघ्यानं."

शिळ्या सणाला, म्हणजे उपासाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळीच तिनं फोन लावला. भाभी गुडघा, सून, सुरतेचा उकाडा असं सगळं सांगत सुटल्या. आई मधेच म्हणाली, "भाभी, मी त्या दिवशी..."

"अहो ताई, काय घेऊन बसलात! काल उपास झाला ना? आधी नाश्ता करा बघू."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "झालं ना आता समाधान?"

"तिनं मला बोलूच दिलं नाही," आई म्हणाली. "मला लाज वाटू नये म्हणून."

भाभी परतल्या नाहीत. आई असेपर्यंत दर वर्षी उपासाआधी सुरतेला फोन करायची. दोघी खूप बोलायच्या. मूळ गोष्ट मात्र राहूनच जायची.